बोअरच्या पाण्यातले केस

कारंज्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मंजुषाचं पार्लर आहे. एक खोली, दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. अकरा वर्षांत तिच्या खुर्चीत कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं असेल तर ते भुवया कोरताना, तेवढंच. म्हणून त्या मंगळवारी दुपारी डोक्याला रंग लावून बसलेली रीता "ताई, डोकं तापून राह्यलं माहं" असं म्हणाली, तेव्हा मंजुषाने तिकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या बाईच्या भुवया अर्ध्यावर होत्या, दोऱ्याचं टोक दातांत होतं.

"पंखा वाढवते," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली.

"पंख्याचं काम नोहे ताई. आतून तापून राह्यलं."

त्या आवाजात काहीतरी होतं. मंजुषाने दोरा सोडला, दोन पावलांत मागच्या खुर्चीपाशी आली आणि रीताच्या डोक्यावरच्या प्लास्टिकच्या टोपीवर तळहात ठेवला. ठेवला तसाच उचलला. गरम चहाच्या पेल्याला हात लागावा तसं झालं. तिने टोपी ओढून काढली, तर केसांतून वाफ निघाली. खरोखरची वाफ, भाताचं झाकण काढल्यावर निघते तशी, आणि तिच्यासोबत जळक्या नखांसारखा वास.



रीताला तिने सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं. पोहरादेवीच्या अलीकडच्या एका तांड्यावरची ही पोरगी, सोबत आई रुखमाबाई. वडील रतनसिंग पंधरा वर्षं ऊसतोडीला जात होते, आता घरची चार एकर करतात. रीता जनावरांच्या दवापाण्याचा कोर्स करून पुण्याकडे एका मोठ्या गोठ्यावर दोन वर्षं नोकरीला होती. तिथे जन्मलेली नर वासरं त्याच दिवशी आईपासून तोडून गाडीत घालत. ती गाडी परत यायची तेव्हा रिकामी असायची. रीताने आधी दूध सोडलं, मग तूप, मग मध, मग नोकरी. आता जनावरापासून निघालेलं काहीही ती खात नव्हती आणि अंगालाही लावत नव्हती. तांड्यावर तिला हसत, पण ती बधली नव्हती. पार्लरच्या फळीवरची एकेक बाटली उतरवून तिने मागचं बारीक अक्षर वाचलं होतं.

"याच्यात मध हाय. याच्यात दुधाचं प्रोटीन. हे केराटिन, ताई, म्हंजे खुरं, शिंगं, लोकर. हे नाही चालत मले."

मंजुषाला राग आला होता, पण गिऱ्हाईक नवरी होती. लग्न पुढच्या बुधवारी, आठ दिवसांवर. पुण्यात रंगवलेले कमरेइतके केस चार महिने तांड्यावरच्या बोअरच्या पाण्याने धुऊन धुऊन काथ्यासारखे झाले होते. वाइनचा रंग उडून गंजक्या पत्र्याचा आला होता. त्यावर एकसारखा तपकिरी रंग बसवायचा, एवढंच काम होतं. जनावराचं काही नसलेली एक ट्यूब सापडली, रीताने वाचून मान हलवली. आधी एक बट वेगळी काढून तिच्यावर रंग लावून पाहायचा असतो, हे अमरावतीला शिकताना मंजुषाच्या बाईंनी शंभर वेळा सांगितलं होतं. पण त्यात पाऊण तास जातो. रुखमाबाईला तीनची बस धरायची होती आणि दुसरी बाई भुवयांसाठी खोळंबली होती. मंजुषाने बट काढली नाही.

"मान मांगं करा! मांगं करा लवकर!"

तिने रीताचं डोकं बेसिनवर टेकवलं आणि नळ सोडला. टाकी उन्हात होती, पाणी कोमट आलं. मंजुषाने नळ तसाच सोडून कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा जार उचलला आणि सगळा त्या डोक्यावर ओतला. तपकिरी पाणी वाहू लागलं. ती बोटांनी रंग काढत होती, आणि तिच्या बोटांत केस येत होते. मुळापासून नव्हेत, मधूनच तुटलेले. एक पुंजका आला, मग दुसरा. डाव्या कानामागे तर ओंजळभर केस नुसते हात लावल्याने निघाले आणि खालची कातडी लालबुंद दिसली.

"काय झालं व बाई?" रुखमाबाई उठून उभी राहिली.

मंजुषाने मुठीतला पुंजका एप्रनच्या खिशात कोंबला. का कोंबला, हे तिला पुढेही सांगता आलं नाही. हातानेच ते केलं.

"काही नाही काकू. रंगाची गरमी असते थोडी. होते असं."

"मले आग होऊन राह्यली," रीता डोळे मिटून म्हणाली.

"थंड पाण्यानं जाईन." मंजुषाने स्वतःचाच आवाज ऐकला, अगदी रोजचा आणि गोड. तिने कोरफडीचा गर लावला, डोक्याला मोठा टॉवेल गुंडाळला आणि तो टॉवेल घरी जाईपर्यंत सोडायचा नाही असं बजावलं. केस आरशात दिसू नयेत म्हणून तिने खुर्चीच फिरवली होती. मायलेकी तीनच्या बसला गेल्या. भुवयांसाठी बसलेली बाई एक भुवई तशीच घेऊन केव्हा निघून गेली, कळलंही नाही.

मंजुषाने शटर अर्धं ओढलं आणि खाली जमिनीवर बसली. मग खिशातले आणि बेसिनमधले केस एका कागदावर गोळा केले.

चार वाजता तिचा नवरा राजू चहाला आला. राजू बोअरच्या मोटारी, गिझर आणि पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. सगळा तालुका त्याच्या दुचाकीखालून गेलेला. त्याने शटरखालून वाकून पाहिलं, बायको जमिनीवर आणि तिच्या पुढ्यात कागदावर केसांचा ढिगारा.

"हे काय?"

तिने सांगितलं.  राजूने केसांची चिमूट उचलली आणि बोटांत चोळली. मग उजेडाकडे धरली.

"याच्यावर तं खार बसला हाय," तो म्हणाला. "गिझरच्या कॉइलवर बसते ना, तसा. कोणता तांडा म्हनला?"

तिने नाव सांगितलं.

"त्या बोअरची मोटार मी मागच्या साली काढली. पाइप आतून लाल होता, लोखंडच लोखंड. तिथं डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही. तुह्या रंगात ते दुसरं काय घालतं तू, बुडबुडे येणारं?"

"डेव्हलपर."

"मंग लोखंडानं अन त्यानं मिळून पेट घेतला. पोरीच्या डोक्यात चूल पेटली म्हण."

मंजुषाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. शिकताना वहीत हे वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, जड पाण्याचे केस असतील तर आधी बट पाहावी. अकरा वर्षांत गरज पडली नव्हती, म्हणून जड पाण्याचं ते विसरली.

"अहो, तिचे केस गेले तं? आठ दिवसांवर लग्न हाय. त्या लोकांनी इथं येऊन..." 

"पाण्याचाच दोष हाय, म्हून सांगता येईन," राजू म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "खोटं नाही ते."

खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. दोघांनाही ते कळत होतं.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडता उघडता फोन वाजला. नंबर रीताचा. मंजुषाने तो वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. रीता न्हाणीत नळ सोडून दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, टॉवेल सोडला तं सोबत केस आले. उशीवर बी हायेत. मी गोळा करून पिशवीत लपवून ठेवले. माह्या आईले, याडीले, सांगतलं नाही अजून, ते मरून जाईन. खरं सांगा ताई, टक्कल पडन काय माह्यं?"

"नाही पडत," मंजुषा म्हणाली आणि लगेच वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर म्हणतोय? "मुळाशी पाह्य. केसाच्या बुडाले पांढरा ठिपका हाय काय?"

पाण्याच्या आवाजात पिशवी सोडल्याचं ऐकू आलं. "नाही. मधूनच तुटले."

"मंग मूळ शाबूत हाय. आज मानोऱ्याले डॉक्टरले कातडी दाखव, आजच. त्या बोअरचं पाणी डोक्याले लावू नको. उद्या मी येते."

फोन ठेवल्यावर तिला कळलं, आपण काय कबूल करून बसलो ते. उद्या लग्नघरी जायचं. तांड्यावर. रतनसिंगसमोर.

मग तिला कपाटातली ती डबी आठवली. केराटिनचं क्रीम. तुटक्या केसांवर ते जादूसारखं बसतं, लग्नापुरते केस अखंड आणि चमकदार दिसतात, महिनाभर कुणाला शंका येत नाही. मंजुषाने दार आतून लावलं. बिनलेबलाची एक पांढरी डबी धुऊन पुसली आणि त्यात ते क्रीम भरलं. शेजारी दुसऱ्या तशाच डबीत जवस उकळून काढलेला चिकट गर भरला. दोन्ही पिशवीत ठेवल्या. कोण विचारणार, कोणत्या डबीत काय? डबी भरताना तिचे हात मुळीच थरथरले नाहीत, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

गुरुवारी राजूने ओळखीच्या माणसाचा छोटा टेम्पो मागून आणला. मागे शुद्ध पाण्याचे सहा जार बांधले. मानोऱ्याचा रस्ता तिला कधी एवढा छोटा वाटला नव्हता. प्रत्येक फाट्यावर वाटे, इथून परत फिरावं. दोनदा तिने तसं म्हणायला तोंडही उघडलं.

"मी अंगणातच राह्यतो," राजू म्हणाला. "आवाज दे."

"तुमी असं काहून म्हणून राह्यले?"

"काही नाही. सहज."

घरासमोर मांडवाचं काम चालू होतं. रतनसिंग सब्बलीने, लोखंडी पहारीने, खड्डा खणत होता. साठीचा माणूस, उंच, खांदे अजून ऊस तोडणाऱ्याचे. त्याने टेम्पो पाहिला, जार पाहिले, मंजुषाला पाहिलं आणि सब्बल हातात तशीच धरून उभा राहिला. रीताचा भाऊ राजपाल बांबू टाकून जवळ आला. कुणी "या" म्हटलं नाही.

आतून रुखमाबाई आली. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणजे तिला कळलं होतं.

"होते असं, म्हनलं ना तुमी?" ती म्हणाली. "माह्या पोरीच्या कानामांगं फोड आला, अन तुमी म्हनलं होते असं."

मंजुषाने पिशवी काखेत घट्ट धरली. ती खाली बघत आत गेली.

रीता ओसरीच्या आतल्या खोलीत ओढणी घेऊन बसली होती. ओढणी काढली. कमरेइतके केस आता कुठे खांद्यापर्यंत, कुठे कानापर्यंत, कुठे पाठीवर लोंबणारी एकच बट. डाव्या कानामागे दोन बोटं रुंद जागा, तिथे केस नखाएवढे. डॉक्टरने मलम दिलं होतं, जखम वरवरची आहे म्हणाला होता, तेवढाच दिलासा. शेजारी ताटात चांदीचे दागिने मांडले होते, घुगरीचे झुबके, नवरीच्या कानशिलाजवळच्या केसांना दोन्ही बाजूंनी बांधायचे.

"हे माह्या याडीच्या याडीचं," रीता म्हणाली. "काल बांधून पाह्यलं. केसासकट हातात आलं."

मंजुषाने एक झुबका उचलला. चांगलाच जड होता. तिच्या डोळ्यांपुढे भर मांडवात तुटून पडणारी चांदी आली, आणि तिच्याभोवती माणसं.

रीताने तिच्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि मान मागे टाकली. परवा ज्या बाईने हे डोकं भाजलं, तिच्याच हातात पुन्हा दिलं. मंजुषाने पिशवीत हात घातला आणि केराटिनची डबी बाहेर काढली.

"याच्यात काय हाय, ताई?" रीताने डोळे न उघडता विचारलं. संशय नव्हता. सवयीनेच विचारलं होतं.

जवस. एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मंजुषाने तो म्हणायला ओठही हलवले. दारात सावली पडली. रतनसिंग येऊन उभा होता, सब्बल अजून हातात.

"केराटिन हाय," मंजुषा म्हणाली.

रीताने डोळे उघडले.

"तेच, तू नाही म्हनलेलं. मी बिनलेबलाच्या डबीत भरून आणलं. तुले जवस म्हून सांगणार होती." तिला आता थांबता येईना. "परवा बी मी खोटं बोलली. पाण्याचा दोष हाय, पण मी आधी एक बट पाहायला पाह्यजे होती, ते पाह्यली नाही. तुमची बस निघून जाईन म्हून घाई केली. पाह्यली असती तं हे झालं नसतं. डोकं तापून राह्यलं म्हनलं, तवा बी मी उठली नाही लवकर."

बाहेर बांबू ठोकायचा आवाज बंद झाला होता. मंजुषा भिंतीला टेकली. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिला पळून जावंसं वाटत होतं, आणि दारात रतनसिंग होता.

त्याने सब्बल भिंतीला टेकवली. लोखंड फरशीवर टणकन वाजलं आणि ती दचकली.

"या पोरीनं तूप सोडलं," तो सावकाश म्हणाला, "तवा मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही. देवाचं बी तूप नाही खात म्हणे. मले समजलं नाही, आजबी समजत नाही. पण मी तिच्या ताटात चोरून टाकलं नाही कदी. माह्याच घरात, माहीच पोरगी, तरी नाही टाकलं." त्याने डबीकडे बोट केलं. "अन तुमी कोन?"

 मंजुषाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही धाडस होत नव्हतं.

"बा," रीता म्हणाली, "तिनं सांगतलं ना."

"सांगतलं." रतनसिंगने डबी उचलली, उघडून वास घेतला आणि मागे येऊन उभ्या राहिलेल्या राजपालकडे फेकली. "उकिरड्यावर टाक." मग मंजुषाकडे न पाहता, "दुसरं काय लागते ते सांगा. लग्न बुधवारी हाय."

संध्याकाळपर्यंत मंजुषा उठली नाही. जारच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व घालून ती एकेक बट भिजवायची, थोडं थांबायची, पुन्हा साध्या पाण्याने धुवायची. खाली परातीत पिवळट तांबूस पाणी साचायचं. चार महिन्यांचं बोअर त्या परातीत उतरत होतं. रुखमाबाई परात ओतून आणायची. मग जवसाचा गर, मग टोकांना खोबरेल. कंगवा नाहीच, नुसती बोटं. प्रत्येक वेळी बोटं खाली सरकताना मंजुषा श्वास रोखायची. आलेच थोडे हातात, पण आता ओंजळी नव्हत्या.

"कापा," शेवटी रीता म्हणाली. "खांद्यापर्यंत सारखे करा."

रुखमाबाईने तोंडाला पदर लावला. मंजुषाची कात्री पहिल्या बटेवर थांबली, पण रीताने हातातल्या आरशातून तिच्याकडे बघत मान हलवली. तिने कापले.

पुढचे पाच दिवस ती रोज जार घेऊन गेली.  राजपाल तिला बघून तोंड फिरवायचा. घुगरीचा प्रश्न सुटत नव्हता, डावीकडे बांधायला केसच नव्हते. मंजुषाने वेणीत गुंफायचं काळं गंगावन आणलं, तर रीता म्हणाली, "लोकर नाही ना?" ते लोकरीचंच निघालं. मग मंजुषाने घरी काळ्या सुताच्या लडी विंचरून, पीळ देऊन दोन पट्ट्या विणल्या. त्या कपाळाच्या पट्टीखालून डोक्याभोवती बांधायच्या आणि चांदीचा भार त्यांच्यावर घ्यायचा, केसांवर नाही. मंगळवारी त्यांनी बांधून पाहिलं. रीताने मान हलवली, वाकली, उठली. राहिलं. पण घरात राहणं वेगळं आणि मांडवात राहणं वेगळं, हे मंजुषाला माहीत होतं.

बुधवारी ती बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. बायका गात होत्या, ढोल वाजत होता, ऊन मांडवाच्या फटींतून खाली येत होतं. रीताचे कापलेले केस ओढणीखाली झाकलेले, कानशिलांवर चांदी. मंजुषाला नवरदेव दिसला नाही, पाहुणे दिसले नाहीत. डावीकडचा तो एक झुबका तेवढा दिसत होता. रीता आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, रिवाजाप्रमाणे मोठ्याने, सूर लावून, आणि तो झुबका हलला. एकदा, दोनदा. मग दोन बोटं खाली घसरला.

मंजुषा बायकांना ढकलत पुढे निघाली. पोचायच्या आतच रुखमाबाईचा हात वर गेला. रडता रडता, सूर न सोडता, तिने लेकीच्या डोक्यावर हात फिरवल्यासारखं केलं आणि सुताची पट्टी घट्ट करून पिन खोचली. कुणाला दिसलंही नाही. मग लेकीच्या खांद्यावरून तिने मंजुषाकडे पाहिलं. माफ केल्याची ती नजर नव्हती. पण मानेने तिने खूण केली, मागे जा, झालं.

पंगतीत रतनसिंग स्वतः वाढत होता. मंजुषाच्या पानाशी आला, बुंदी वाढली आणि थांबला.

"तेलातली हाय," तो म्हणाला. "पोरीसाठी समदी पंगत तेलातली." आणि पुढच्या पानाकडे वळला.

मंजुषाने घास उचलला.  शेजारी राजू भराभरा जेवत होता, आणि मांडवाच्या टोकाला रीता पाहुण्यांना वाकून नमस्कार करत होती, दर वेळी एक हात कानशिलावर ठेवून.